घुशी मारायला आणि टार्गेट शूटिंगला एकच एअर रायफल चालेल का? बजेट २५ हजार (कोल्हापूर)

ऊसवाला_करवीर

नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात शेत आहे, गुऱ्हाळ पण घरचंच, आणि गुऱ्हाळाला लागून गूळ ठेवायची खोली. तिथं घुशींनी नुसता उच्छाद मांडलाय. खोलीत तर आहेतच पण शेताच्या बांधाला पण एवढी मोठी बिळं पाडल्यात की पाणी पाजायला गेलं की पाणी सरीत न जाता बिळातनं पलीकडच्याच्या रानात जातंय, आणि मग त्यावरनं भांडण वेगळं. औषध टाकून बघितलं, दोन दिवस गप असतात, परत आहेच.

दुसरं म्हणजे स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला मेडल मारल्यापासनं डोक्यात नेमबाजीचं खूळ शिरलंय. लहानपणी जत्रेत फुगे फोडायचो तेवढाच अनुभव. शेतात पंचवीस-तीस मीटर मोकळी जागा आहे, रविवारी निवांत टार्गेट लावून मारावं अशी इच्छा आहे, जमलं तर पुढं कॉम्पिटिशन पण खेळावी.

तर प्रश्न असा की वर दुर्बीण असलेली एकच रायफल घेऊन दोन्ही कामं होतील का? बजेट सगळं मिळून २५ हजार, दुर्बिणीसकट. नेटवर १२०० एफपीएस १३०० एफपीएस (छर्ऱ्याचा वेग, सेकंदाला इतके फूट) असं काय काय लिहिलेलं दिसतंय, जितका जास्त आकडा तितकी भारी असं धरायचं का? आणि लायसन लागतं का नाही यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात. मामाचं गाव राधानगरीकडं आहे, तिकडं गवे आणि रानडुकरं ऊस मोडतात, मामा म्हणतोय घेतोसच तर जरा जोराची घे म्हणजे आमच्याकडं पण चालंल.

जाणकारांनी सांगा. खटक्यावर बोट जाग्यावर पलटी असली कमेंट करणाऱ्यांना आधीच रामराम 😄

माजी_सुभेदार_गडहिंग्लज

आधी मामांचा विषय मिटवतो, मग बाकीचं.

गवा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याच्यावर छर्रा काय, दगड मारायचा पण विचार करू नका. रानडुक्कर पण संरक्षितच आहे. पिकाचं नुकसान करतंय म्हणून मारायचं असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी ते काम एअर रायफलीचं नाही. बिनलायसनची एअर रायफल डुकराला मारत नाही, जखमी करते, आणि जखमी डुक्कर काय करतं ते मामांना विचारा, त्यांना माहीत असेल. कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही, जखमी करणं, सापळा लावणं, हुसकावणं पण त्यातच धरतात. नुकसान झालं असेल तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा, वेळ लागतो पण मिळते.

आता उंदीर घूस. १९७२ च्या मूळ कायद्यात शेड्यूल पाच होतं, त्यात उंदीर, कावळा, वटवाघूळ असले उपद्रवी प्राणी होते. २०२२ च्या दुरुस्तीत ते शेड्यूलच काढून टाकलं, १ एप्रिल २०२३ पासनं लागू. त्यामुळं "कावळा मारला तर काय होतंय" हे जुनं गणित डोक्यातनं काढा. पाखरं, वानर, मोर, ससा, कशावरच नेम धरायचा नाही. घरातली शेतातली घूस मारायला तुम्हाला कोण अडवणार नाही, पण हाल करून मारू नका.

लायसनचं सोपं आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं पॉइंट १७७ बोअरची म्हणजे साडेचार एमएमची आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल बिनलायसन घेता येते. पॉइंट २२ एअर रायफल, म्हणजे साडेपाच एमएम, घेतली की लायसनचा विषय आला, मग ती कितीही कमी जोराची असू दे. दुकानातनं पक्कं बिल घ्या, बिलावर कॅलिबर लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स रायफलीच्या बॅगेत कायम ठेवा. रस्त्यानं नेताना बॅगेत न्या, मोटारसायकलवर पाठीला उघडी अडकवून शायनिंग मारत जाऊ नका. लांबनं ती खरी का खोटी कुणाला कळत नाही, चौकात पोलिसाला तर अजिबात नाही.

छर्रा_आणि_चहा

सुभेदार काकांनी कायद्याचं सांगितलं, मी सामानाचं सांगतो.

भावा पहिलं ते एफपीएस डोक्यातनं काढ. बॉक्सवरचा १२०० चा आकडा एकदम हलका छर्रा घालून मोजलेला असतो आणि आवाजाचा वेग साधारण ११०० च्या वर आहे, त्याच्या जवळ गेला की छर्रा हवेत डुलायला लागतो, शिवाय फटाका फुटल्यागत आवाज. हिशोब करून बघ, आठ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे छर्ऱ्याच्या वजनाचं माप) छर्रा ८०० एफपीएसनं गेला तर ताकद होते साधारण साडेपंधरा ज्यूल, आणि तोच छर्रा ९१० च्या पुढं गेला की २० ज्यूल पार. म्हणजे बिनलायसनच्या हद्दीत नीट वजनाचा छर्रा मारायचा तर ७५० ते ८५० एवढंच पायजे, आणि घुशीला पंधरा-वीस मीटरवर ते भरपूर झालं. नेम डोक्यात बसला पायजे एवढंच.

प्रकार तीन. स्प्रिंगची, गॅस रॅमची (स्प्रिंगच्या जागी दाबलेला गॅस) आणि पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी). तुझ्या बजेटला पहिल्या दोन. नळी खाली वाकवून कॉक करायची म्हणजे ताणून तयार करायची, एक छर्रा घालायचा, मारायचा. आता आपल्याकडं बनणाऱ्या रायफली चांगल्या झाल्यात, प्रेसिहोल कंपनीच्या नळीला लोक नावं ठेवत नाहीत, त्यांची एनएक्स २०० बघून ये. हातात धरून बघ, खांद्याला लावून बघ, कॉक करून बघ, कारण दिवसभरात शंभर वेळा नळी मोडायची म्हटली की दंड भरून येतोय. गॅस रॅमचा फायदा एवढाच की कॉक करून थोडा वेळ ठेवली तर स्प्रिंग बसायची भीती नाही. पण ते थंडीत, सर्व्हिसिंगला वगैरे कुणी काय सांगेल ते ऐकत बसू नको, दोन्ही चालतात.

दुर्बिणीत मात्र लोक फसतात. स्प्रिंगची रायफल उडताना आधी मागं आणि लगेच पुढं असा दोन्हीकडं झटका देते. मोठ्या बंदुकीची दुर्बीण फक्त मागच्या झटक्यासाठी बनवलेली असते, ती स्प्रिंगवर बसवली की काही दिवसांत आतली काच नायतर रेषा सैल. म्हणून एअरगन रेटेड लिहिलेलीच घ्यायची. दुसरं पॅरालॅक्स. साध्या दुर्बिणी १०० यार्डाला सेट केलेल्या असतात, तू मारणार १० ते ३० मीटरवर, म्हणजे चित्र धूसर दिसणार आणि डोळा जरा हलला की रेषा टार्गेटवरनं सरकणार. त्याला एओ पायजे, म्हणजे पुढची रिंग फिरवून अंतर सेट करता येतं. ३-९ बाय ४० एओ (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० एमएमची), बास. ६-२४ घेऊन काय चंद्र बघणार आहेस काय.

घरी आल्यावर तपास कसा करायचा सांगतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकव, हात न लावता दुर्बिणीतनं बघ आणि मान जरा डावी उजवी वर खाली कर. रेषा टार्गेटवर जागच्या जागी राहिली तर रिंग बरोबर अंतरावर आहे. सरकली तर रिंग थोडी फिरव, परत बघ. रिंगवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नको, खडूनं नायतर टेपचा तुकडा लावून आपली खूण आपण करायची.

माउंटवर (दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पकड) पैसे वाचवू नको!! दोन वेगळ्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घे, खाली स्टॉप पिन असलेला, नाहीतर झटक्यानं दुर्बीण हळूहळू मागं सरकत येते आणि तू आपला नेम जुळवायला रोज दुर्बिणीचं बटण क्लिक-क्लिक फिरवत बसणार. रायफलीवर ११ एमएमची खाच आहे का पिकॅटिनी पट्टी आहे ते बघून त्याच मापाचा माउंट.

बजेटचं म्हणशील तर रायफल पंधरापर्यंत, दुर्बीण माउंट मिळून सहा-सात, उरलेले सगळे छर्रे. चार वेगवेगळे डबे घे, एचअँडएन, जेएसबी, गामो, आपला एखादा देशी. प्रत्येक नळीला आपला आपला छर्रा आवडतो, हे दुकानदार नाही सांगू शकत. दहा मीटरच्या कागदाला चपट्या तोंडाचा, त्याच्या पुढं गोल डोक्याचा.

पंचगंगा_पीसीपी

स्प्रिंग घेऊन वर्षात कंटाळशील आणि परत पैसे घालशील. थोडं थांब, पैसे साठव आणि सरळ पीसीपी घे. झटका नाही, पहिल्या दिवसापासनं छर्ऱ्यावर छर्रा.

छर्रा_आणि_चहा

@पंचगंगा_पीसीपी पंप कोण मारणार, तू येणार काय 😂 हातपंपानं एवढ्या दाबाची हवा भरायची म्हणजे तालमीला जायची गरज नाही. सिलेंडर घ्यायचा तर त्याचं टेस्टिंग, भरून आणायचं कुठनं, सगळा वेगळा खर्च. त्याचं बजेट २५ आहे, ४५ नाही. आणि स्प्रिंगवर हात बसला की कुठलीही रायफल चालवता येते, उलटं होत नाही.

पंचगंगा_पीसीपी

बरं बाबा. पण झटक्याचं त्याला सांग नीट, नाहीतर दोन दिवसात "रायफल खराब आहे" म्हणून इथंच धागा काढंल.

छर्रा_आणि_चहा

हे मात्र खरं बोललास. स्प्रिंगची रायफल आवळून धरायची नाही. पुढचा हात तळव्यावर नुसती ठेवल्यासारखी, मागचा हात सैल, खांद्याला अलगद. तिला जेवढं उडायचंय तेवढं उडू द्यायचं, फक्त दरवेळी सारखंच उडलं पायजे. हात दोन इंच पुढं मागं झाला की छर्रा वेगळीकडं. आणि रिकामी खटकन दाबू नको, छर्रा नसताना पिस्टन पुढं जाऊन आदळतो, सील जातं. नळीत तेल ओतू नको, धूर आणि धडाम आवाज आला की लोकांना वाटतं पॉवर वाढली, ते तेल जळतंय.

नेमबाजाची_आई

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते म्हणून लिहिते. दादा तुम्ही कॉम्पिटिशन म्हणालात ना, तिथं दुर्बीण चालत नाही. अजिबात नाही. दहा मीटर असो किंवा स्वप्नीलची पन्नास मीटर थ्री पोझिशन असो, मागं बारीक भोकाची पीप साइट आणि पुढं रिंग, एवढंच. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं फायनलला ४५१.४ मारले ते पन्नास मीटरवरनं नुसत्या साइटनं मारले, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. दहा मीटरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पेनानं टिंब दिल्यासारखा. पोरं त्यात मारतात दुर्बिणीशिवाय.

त्यामुळं दुर्बीण लावून शेतात शिकलात की नेम धरायला शिकाल, पण मॅचची सवय वेगळी. मॅचच्या रायफली फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, त्यांच्या किमती दोन-अडीच लाखाच्या पुढं, त्या आत्ता बघायच्या पण नाहीत. आधी रेंजवर जा. दुधाळीच्या रेंजला जा, नाहीतर विभागीय क्रीडा संकुलाकडं चौकशी करा, नवीन लोकांना सुरुवातीला तिथल्याच रायफलवर शिकवतात. आपलं कोल्हापूर याबाबतीत खरंच नशीबवान आहे हो, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबत २०१८ ला एशियन गेम्सची गोल्ड, आणि आता कांबळवाडीचा स्वप्नील. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल, ते पण आपल्या जिल्ह्यातनं. मग रेंज दारात असताना यूट्यूब बघून का शिकायचं?

आणखी एक, मुलांच्या आईनं विचारायचा प्रश्न. घरात लहान मुलं आहेत का? असतील तर रायफल कुलपात आणि छर्रे वेगळ्या कपाटात. छर्रे शिसाचे असतात, हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय पोरांना घास भरवायचा नाही, स्वतः पण खायचं नाही. आमच्याकडं प्रॅक्टिस झाली की आधी साबण, मग डबा.

ऊसवाला_करवीर

ताई दुर्बीण चालत नाही हे खरंच माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. घरात भावाचा मुलगा आहे पाच वर्षांचा, कुलपाचं करतो. काका मामाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला "मग मला काय उपयोग" आणि फोन ठेवला 😅

आता शिसाचं निघालंच आहे तर विचारतो, गुळाच्या खोलीत मारायला चालेल का? खोली दहा बाय पंधरा आहे, खाली शहाबादी, एका बाजूला गुळाचे रवे रचलेले असतात, घुशी त्याच्या मागनंच येतात. रात्री दहानंतर बॅटरी लावून बसायचा प्लॅन होता.

माजी_सुभेदार_गडहिंग्लज

नाही. प्लॅन रद्द करा.

शहाबादीवर छर्रा लागला की तो कुठं जाईल हे तुम्ही सांगू शकत नाही, मी पण सांगू शकत नाही. दहा बाय पंधराच्या खोलीत तो तुमच्याच डोळ्यावर येऊ शकतो. चष्मा घातला तरी नको. आणि रव्यात एक छर्रा घुसला आणि तो रवा बाजार समितीत सौद्याला गेला तर? शिसं आहे ते. लोक तो गूळ पोरांना शेंगदाण्याबरोबर देतात. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो असल्या कारणानं बदनाम व्हायला नको.

खोलीत बंदुकीचं काम नाही, गवंड्याचं आहे. रवे भिंतीपासनं हातभर पुढं घ्या आणि जमिनीपासनं वर फळीवर ठेवा, म्हणजे मागनं यायला आडोसा राहत नाही. बिळात फुटक्या काचा आणि सिमेंट भरा, दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा. आणि लोखंडी पिंजरे लावा, आत भजं नाहीतर सुकट. गुळाच्या खोलीत गूळ लावून घूस येत नाही, तिला वेगळं काहीतरी पायजे. पिंजरा पहिले दोन-तीन दिवस उघडाच ठेवायचा, आत खायला ठेवायचं, खटका लावायचा नाही. सवय झाली की मग लावायचा.

बांधावर मात्र रायफल चालेल. संध्याकाळी तिन्हीसांजेला बिळाच्या वरच्या बाजूला बसा, नळी खाली जमिनीकडं, मागं ओली माती. आडवा नेम धरून रस्त्याकडं मारायचा नाही, ही छोटी दिसते पण छर्रा तीनशे मीटरच्या पुढं पण जातो. उसाच्या आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळं उसाच्या दिशेनं कधीच नाही. तोडणीची माणसं, त्यांची पोरं आत असतात.

बांधावरचा_मास्तर

थोडं विषयांतर, पण घुशीवरनं आठवलं. आमच्याकडं बांधावर टी आकाराच्या काठ्या रोवल्यात, माणसापेक्षा उंच, रात्री घुबड येऊन बसतं. गव्हाणी घुबड रात्रीत उंदीर उचलून नेतं, त्याला ना लायसन लागतं ना छर्रे. फक्त औषध टाकलेलं असेल तर ते उंदीर खाऊन घुबडच मरतं, म्हणून दोन्ही एकदम करू नका. रायफल घ्या हौसेला, घ्यायलाच पाहिजे, पण घुशींचा बंदोबस्त रायफलीवर सोडू नका.

ऊसवाला_करवीर

ठीक. म्हणजे खोलीत पिंजरे, बांधावर घुबड आणि जमलं तर मी, आणि टार्गेट वेगळं. रेंजवर येत्या शनिवारी जाऊन येतो. पण रायफल घेणारच, ते काय सुटत नाही आता.

टार्गेटच्या मागं काय लावू? घरी जुनं प्लायवूड पडलंय. आणि झिरो, म्हणजे रेषा आणि छर्रा एकाच जागी आणायचं अंतर, कितीला करायची?

छर्रा_आणि_चहा

प्लायवूड नुसतं नको, जवळनं मारलं तर छर्रा उलटा येतो. लाकडी खोका कर, तेलाच्या डब्याएवढा नाहीतर जरा मोठा, आत जुनी कापडं, चिंध्या, गोधडीचे तुकडे गच्च दाबून भर, पुढं पुठ्ठा, त्यावर कागद चिकटव. छर्रा आत शिरला की चिंध्यात अडकतो, आवाज पण मरतो. त्याच्या मागं वाळूची पोती रचून भिंत कर, डोक्याच्या वर जाईल एवढी, कारण सुरुवातीला तू खोका चुकवणार आहेस. आठवड्यानं खोका उघडून शिसं गोळा करायचं, रानात सोडायचं नाही.

झिरो आधी १० मीटरला कर म्हणजे कागदावर तरी येशील, मग २५ ला पक्की कर. दुर्बीण नळीपासनं चारेक सेंटीमीटर वर असते, त्यामुळं २५ ला झिरो केलीस की १० मीटरवर छर्रा रेषेच्या साधारण एक सेंटीमीटर खाली लागतो, २० ला जवळजवळ बरोबर, आणि ३५ ला परत दोन-अडीच सेंटीमीटर खाली. हा अंदाज आठ ग्रेन आणि ८०० एफपीएसचा, तुझ्या रायफलीचा तू कागदावर मारून काढ आणि तो कागद दस्त्याला आतनं चिकटवून ठेव. बांधावर घूस समोर आली की तेव्हा गणित सुचत नाही.

क्लिकचं पण सांगतो. दुर्बिणीवर पाव एमओए (कोनाचं बारीक माप) लिहिलेलं असेल, ते १०० यार्डाला पाव इंच. २५ मीटरला एक क्लिक म्हणजे दोन मिलिमीटरला थोडं कमी. म्हणजे छर्रा दोन सेंटीमीटर डावीकडं पडतोय तर अकरा क्लिक उजवीकडं. लोक दोन क्लिक फिरवतात, फरक दिसला नाही की म्हणतात दुर्बीण बंद आहे. आणि एका छर्ऱ्यावरनं कधीच फिरवायचं नाही, पाच मार, त्यांचा मध्य बघ, मग फिरव. पहिले दोनेकशे छर्रे होईपर्यंत रायफल तशीही ठिकाणावर येत नाही, तोपर्यंत दुर्बीण लावूच नको, साध्या साइटवर मार. ताईंना पण बरं वाटेल 😄

नेमबाजाची_आई

वाटलंच! आणि दादा शनिवारी जाताना बुटाचं लक्षात ठेवा, चपला घालून उभं राहून नेम धरता येत नाही. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, मॅच असली की लेन मोकळ्या नसतात.